यंदाचे पाहुणे कोण?

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. घरात जुन्या चपला साठतात तसे ते साठतात. कोणी आणून ठेवल्या ते आठवत नाही, आणि टाकायला घेतल्या की हात धजत नाही. माझ्याकडचे बहुतेक सगळे राहात्याच्या गुरांच्या दवाखान्याच्या ओट्यावर साठले.

सत्तर सालच्या सुमाराला मी तिथं कंपाउंडर होतो. दिवसभर बैलांच्या खुरांना औषध लावायचं आणि संध्याकाळी डॉक्टर घरी गेले की ओटा झाडून तिथंच गाण्यावर चर्चा करायची. चर्चेला आम्ही चौघं. उस्मानभाई शिंपी, गावातल्या निम्म्या सदऱ्यांचे कर्ते. बापू, पेरूच्या बागेचे मालक. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. तिसरे जोशीबाबू, तारऑफिसात कामाला. आणि चौथा मी. चौघांपैकी एकालाही गाता येत नव्हतं, त्यामुळे मतं अगदी ठाम होती.

चर्चेचा विषय बाराही महिने एकच. चैत्रात हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात अण्णांची संगीत सभा भरायची, तिला यंदा पाहुणे कोण?

अण्णा म्हणजे शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. सभा त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली. पूर्वी अण्णा कलावंताचं नाव आधी जाहीर करत. एका वर्षी एका मोठ्या बुवांचं नाव जाहीर झालं, पंचक्रोशीतून लोक गाड्या जुंपून आले, आणि बुवांची रेल्वेच चुकली; ते दुसऱ्या दिवशी येऊन रिकाम्या देवळात गाऊन गेले. पुढं सहा महिने लोक अण्णांना नमस्कार करायच्या ऐवजी "आले का हो बुवा?" असं विचारायचे. तेव्हापासून अण्णांनी नेम केला, पाहुण्याचं पाऊल राहात्याच्या मातीला लागल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. पण नाव न घेता माणसं कशी जमायची? म्हणून पाडव्याला ते देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं एक खूण लिहायचे. त्यावरून ओळखा!

ओळखणाऱ्याला बक्षीस काही नव्हतं. अण्णांच्या दारात जायचं, नाव सांगायचं. अण्णा चष्म्यावरून बघायचे, "चूक" म्हणायचे आणि दार लावायचे. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, पण त्यांच्या तोंडून "बरोबर" ऐकलेला माणूस राहात्यात सापडत नव्हता. एकदा तरी ते ऐकायचं, एवढीच आमच्या ओट्याची महत्त्वाकांक्षा होती.

*

पहिल्या वर्षी आम्ही फळ्याच्या नादाला लागलोच नाही. उस्मानभाईंनी आतली बातमी आणली. सभेसाठी अण्णांनी त्यांच्याकडे गादीचं कव्हर आणि लोडांच्या खोळी शिवायला टाकल्या होत्या. दरवर्षी दोन खोळी असायच्या, त्या वर्षी पाच! आणि गादीही रुंद.

आम्ही लगेच हिशेब मांडला. एवढी गादी आणि एवढे लोड लागणारा गवई महाराष्ट्रात एकच होता. त्या बुवांना टांग्यात बसवलं की घोडा मागं वळून बघायचा, असं लोक सांगत. आम्ही छातीठोकपणे अण्णांकडे गेलो. चूक.

आम्हांला वाटलं, म्हातारा मुद्दाम म्हणतोय. सभेला पुढं जाऊन बसलो तर स्टेजवर आला एक काटकुळा सतारिया. त्याला बसायला गादीचा कोपरा पुरला. रुंद गादी आणि पाच लोड समोरच्या रांगेत मांडले होते, अध्यक्ष म्हणून बोलावलेल्या बागाईतदारासाठी. ते पहिल्या आलापाला आडवे झाले आणि टाळ्यांना उठले.

*

जोशीबाबूंची गोष्ट निराळी होती. अण्णा पाहुण्यांना तारेनं बोलवायचे आणि तार जोशीबाबूंच्या हातून जायची. म्हणजे सगळ्या राहात्यात उत्तर ठाऊक असलेला माणूस आमच्याच ओट्यावर, आमच्याच मांडीला मांडी लावून बसलेला! पण खात्याची शपथ. फाल्गुन लागला की त्यांचं ओट्यावर येणं कमी व्हायचं, आणि आले तरी तोंडात सुपारी धरून बसायचे.

एका संध्याकाळी उस्मानभाईंनी युक्ती काढली. आपण एकेक नाव घ्यायचं आणि जोशीबाबूंच्या चेहऱ्याकडे बघायचं. शपथ तोंडाला असते, चेहऱ्याला नसते! आम्ही सुरू झालो. पुण्याचे झाले, मिरजेचे झाले, इंदूरचे झाले. जोशीबाबू सुपारी चघळत शून्यात बघत होते. मी एका सारंगीवाल्यांचं नाव घेतलं मात्र, जोशीबाबूंना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

बापू चपला न घालताच अण्णांकडे पळाले आणि तेवढ्याच वेगानं परत आले. चूक.

दुसऱ्या दिवशी जोशीबाबू दवाखान्यात आले, बैल नसताना. म्हणाले, "कंपाउंडर, चार दिवस झाले, खोकला जात नाही. काही आहे का तुमच्याकडे?"

होतं की. पण आमचं औषध बांबूच्या नळीनं घशात ओतायचं होतं. त्यांनी सुंठीवर भागवलं.

*

पुढच्या वर्षी फळ्यावर खूण आली, "पाहुणे पूर्वेकडून येतील." आम्ही कलकत्त्यापर्यंत जाऊन आलो. मनानं हो. मग माझ्या लक्षात आलं, चितळीचं स्टेशन राहात्याच्या पूर्वेलाच आहे. रेल्वेनं येणारा माणूस मुंबईचा असो की मद्रासचा, आमच्याकडे पूर्वेकडूनच येणार. अण्णांनी काहीही न सांगता फळा भरला होता!

बापूंनी मात्र यातून सरळ अर्थ काढला. ते म्हणाले, "मंग डोकं कशाला चालवायचं? मी टेसनावरच जाऊन उभा ऱ्हातो."

सभेच्या आदल्या दिवशी बापू बैलगाडी घेऊन चितळीला गेले. रेल्वेतून एक रुबाबदार गृहस्थ उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, केस मागं वळवलेले आणि बरोबर कापडात गुंडाळलेली लांबट, खाली फुगीर अशी वस्तू. बापूंनी वाकून नमस्कार केला, वस्तू स्वतःच्या हातानं गाडीत गवतावर निजवली आणि गृहस्थांना घरी नेऊन पुरणपोळी वाढली. पाहुण्यांना आधी नाव विचारणं बरं दिसत नाही, म्हणून बापूंनी विचारलं नाही. पाहुणेही मोजकंच बोलत होते. बाग केवढी, झाडं किती, पाणी कुठलं. बापूंना वाटलं, मोठी माणसं अशीच साधी असतात.

जेवण झाल्यावर बापू हात जोडून म्हणाले, "आता जरा वाद्य दाखवा की."

पाहुण्यांनी कापड सोडलं. आत फवारणीचा पंप होता.

ते पंपाच्या कंपनीचे एजंट होते आणि चितळीला उतरल्या उतरल्या एवढं उत्सुक गिऱ्हाईक त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटलं होतं. बापू भिडस्त. पुरणपोळी वाढून झालेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पंप घेतला. त्या वर्षी सभेला कोण आलं हे बापूंना आजही सांगता येत नाही, पण पेरूला कीड लागली नाही हे ते सगळ्यांना सांगतात.

*

उस्मानभाईंनी तर एकदा प्रत्यक्ष अण्णांनाच धरलं. अण्णा कोटाचं माप द्यायला आले होते. खांदा झाला, छाती झाली, आणि गळ्याचं माप घेता घेता उस्मानभाईंनी टेप हळूच आवळली. म्हणाले, "अण्णासाहेब, नाव सांगा, मग सोडतो."

अण्णा शांतपणे म्हणाले, "गळा पंधरा इंच. तुम्ही चौदा धरलाय. चूक."

*

मग दुष्काळाचं वर्ष आलं. पाटाला पाणी नाही, विहिरी तळाला गेलेल्या. बापू घागरीनं पाणी घालून झाडं जगवत होते. माझे दिवस गुरांच्या छावणीत जात होते आणि तिथं औषधापेक्षा चाऱ्याची गरज जास्त होती. गावात बोलणं सुरू झालं की यंदा सभा होत नाही. अण्णांना ते लागलं. वडिलांच्या पश्चात एकही चैत्र चुकला नव्हता. ते एकदा ओट्यापाशी थांबून म्हणाले होते, "ज्या वर्षी गादीवर कोणी बसणार नाही, त्या वर्षी सभा मोडली असं समजा. मोडलेली सभा मी पुन्हा भरवणार नाही."

पाडव्याला फळा कोराच राहिला. आम्ही तिघं रोज देवळावरून जायचो आणि एकमेकांकडे न बघता पुढं जायचो. तीन दिवसांनी फळ्यावर ओळ उमटली, "यंदाचे पाहुणे तुम्ही विसरला नसाल."

आम्हांला काय आनंद झाला म्हणून सांगू! सभा होणार होती. ओटा पुन्हा भरला. त्या वर्षी जोशीबाबूही रोज येत होते, फुटाणे खात होते, आणि चक्क स्वतः नावं सुचवत होते. आम्ही म्हटलं, दुष्काळात शपथसुद्धा वाळली!

पण उत्तर काढलं उस्मानभाईंनी. ते म्हणाले, "रंगनाथ मास्तर."

रंगनाथ मास्तर पाथर्डीकडचे, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. फार वर्षांपूर्वी ते राहात्याला एका लग्नात आले होते. वरात देवळापाशी आली आणि मास्तरांनी भैरवी धरली. वऱ्हाड थांबलं, रस्ता थांबला, नवरदेव घोड्यावरून उतरून ऐकत उभा राहिला आणि मुहूर्त टळला. मुलीच्या बापानं रागवायचं सोडून "अजून थोडं" म्हटलं होतं. पुढं बँड मोडला आणि मास्तरांचं नाव कुठं ऐकू आलं नाही. पण राहातं विसरलं नव्हतं. अण्णांची खूण तंतोतंत बसत होती.

आम्ही चौघं मिळून अण्णांच्या दारात गेलो. उस्मानभाईंनी नाव सांगितलं. अण्णांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग "बघू" म्हणाले आणि दार लावलं.

चूक म्हणाले नाहीत! आम्ही परत येताना अक्षरशः उड्या मारत होतो. बापूंना तर राहवेना. एसटी स्टँडवर पाथर्डीच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. त्याला त्यांनी निरोप दिला, "मास्तरला सांग, तू येनार हे राहात्यानं वळाखलंय. समदं गाव वाट बघतंय म्हनावं."

हनुमान जयंतीच्या दुपारपासून लोक जमू लागले. छावणीतून आले, खडीच्या कामावरून आले. मांडव नव्हता, लाऊडस्पीकर नव्हता. देवळात नुसती ती रुंद गादी अंथरलेली, आणि शेजारी अण्णा नवा कोट घालून उभे. आम्ही म्हटलं, अण्णा गुपित शेवटपर्यंत राखणार.

तेवढ्यात जोशीबाबू माझ्या कानाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "कंपाउंडर, शपथ मोडतो. यंदा अण्णांनी एकही तार केलेली नाही. मला वाटलं पत्रानं बोलावलं असेल, म्हणून मी मोकळेपणानं तुमच्यात बसलो. आत्ता त्यांना विचारलं, तर नुसती नकारार्थी मान हलवली त्यांनी."

म्हणजे कोणी येणारच नव्हतं. सभा भरणार आहे असं गावाला चार दिवस वाटावं, एवढ्यासाठी म्हाताऱ्यानं ती ओळ लिहिली होती. अण्णा दोन पावलं पुढं आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मंडळी, मला तुम्हांला काही सांगायचं आहे."

लोक गप्प झाले. आणि त्या शांततेत एसटीचा हॉर्न वाजला.

गाडी स्टँडवर जायची, पण ड्रायव्हरनं ती थेट देवळासमोर आणून उभी केली. आतून एक म्हातारा उतरला. अंगात बँडचा जुना लाल कोट, पितळी बटणं घासून चकचकीत केलेली. काखेत लांबट पेटी. बोटांना चिंध्या बांधलेल्या, खडी फोडून फुटलेली बोटं. तो सरळ अण्णांपुढे आला.

"अन्ना, तुमचा निरोप पोचला," रंगनाथ मास्तर म्हणाले. "राहातं माजी वाट बघतंय म्हने. मला वाटलं, ड्रायव्हर मस्करी करायलाय. बोटं आशी हायेत, वाजतंय का न्हाई ते वाजविल्यावरच कळंल. पर बोलावलं म्हनल्यावर घरी कसं बसावं?"

अण्णांचे डोळे भरून आले होते, माझेही. त्यांनी मास्तरांच्या पायांकडे पाहिलं. पाय राहात्याच्या मातीवर होते. मग त्यांनी खडू उचलला, फळ्यावरच्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत मास्तरांचं नाव लिहिलं आणि आम्ही चौघं उभे होतो तिकडे वळले. आवाज अगदी शाळेतला.

"बरोबर," अण्णा म्हणाले.

आणि जोशीबाबूंना खोकल्याची अशी उबळ आली की उस्मानभाईंना त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.