अर्धी डिंडोली कमरेला

आमच्या डिंडोलीत चामड्याच्या वस्तूंवर नावं डागून देणारा एकजण बसतो. पितळी अक्षरं जुळवायची, शेगडीवर तापवायची आणि आधी स्वतःचा कंबरपट्टा सोडून त्यावर ठसा उठवून बघायचा, ही त्याची रीत. त्यामुळे अर्धी डिंडोली त्याच्या कमरेला आहे.

माझ्या मुलीला, वैशालीला, नोकरी लागली म्हणून मी तिच्यासाठी पर्स घेऊन गेलो, तर पट्ट्यावर बोटभर जागा नव्हती.

"नवा पट्टा घ्या की," मी म्हटलं.

"अन् ही मंडळी कुठी जातीन, भो?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. स्वतःची नवीकोरी चामडी चप्पल दिसली आणि चेहरा फुलला. "आपली वैशाली!" असं गर्जून त्याने तापलेली अक्षरं चपलेच्या पट्ट्यावर दाबली.

चप्पल पायातच होती.

तो असा उडाला की रिक्षावालेसुद्धा थांबून हसायला लागले. हाही बोंबलतोय, हसतोय, "सरस उठलं, एकदम सरस!" म्हणतोय. मग बगळ्यासारखं एका पायावर उभं राहून त्याने पर्सवर नाव डागलं. एक अक्षर तिरकं नाही.

आता येईल त्या गिऱ्हाइकापुढे तो चपलेचा पाय उचलून धरतो आणि सांगतो, "आपली पोरगी हाय. नोकरीला लागली."