पाण्यातली एकतीस घरं

दुपारी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाचं काही अडलं, तर मी घरबसल्या सोडवून देते. तेच माझं काम.

"ताई, फाइलमध्ये एकतीस घरांच्या जागा भरल्या, पण नकाशावर एकही दिसत नाही," गुरुजी म्हणाले.

त्यांची फाइल उघडली, तर सगळे ठिपके पार उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडले होते. अक्षांशांच्या रकान्यात रेखांश गेले होते. नेहमीचीच चूक. मी रकाने बदलले आणि ठिपके महाराष्ट्रात आले, पण एका धरणाच्या निळ्या पाण्यात.

"अजून काहीतरी चुकतंय," मी म्हणाले.

"नाही, आता बरोबर आहे. आमचं गाव तिथंच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती उघडी पडतात. एकेका जोत्यावर उभं राहून मोबाईलवर जागा टिपलीय. आता नावं कशी लिहायची, तेवढं सांगा."

ते एकेका घराचं नाव सांगत गेले, मी लिहीत गेले. कुठेच अडखळले नाहीत. बुडालेल्या गावातही माणसाला इतके शेजारी असू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी सहज आमच्या इमारतीवर नकाशा आणला. चार वर्षं इथं एकटी राहतेय. माझ्या घरावर ठिपका ठेवून नाव लिहिलं. मग शेजारच्या दारावरची पाटी आठवत बराच वेळ बसले. आठवली नाही.