डब्यात न टाकलेली चिठ्ठी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा लपत नाही.

परळच्या एका संशोधन संस्थेत मी नोकरीला आहे. निवृत्ती जवळ आली, थकलोय. गेली काही वर्षं माझं काम म्हणजे संशोधनाचंच संशोधन — जुने प्रयोग पुन्हा करून बघायचे, कुठले टिकतात, कुठले नाही. पाठीमागे लोक मला चित्रगुप्त म्हणतात. ते मला आवडायचंही, खोटं कशाला बोलू?

कोणते प्रयोग तपासायचे ते आम्ही डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवतो. संगणकालाही जमलं असतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं, कुणी बोट दाखवू नये — हा नियम माझाच. संस्थेतल्या प्रत्येक जुन्या शोधनिबंधाची एक चिठ्ठी. त्या लिहायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं, आणि एक चिठ्ठी लिहिलीच नाही.

ती माझ्या निबंधाची. ज्याच्यामुळे माझं नाव झालं, तोच. त्यातले काही नमुने मी 'खराब' म्हणून वगळले होते. नमुने चांगलेच होते — माझ्या म्हणण्याशी जुळत नव्हते. याला लबाडी म्हणावं की भित्रेपणा?

पण खरं दुखणं ते नाही. म्हणजे — तेही आहेच. स्मिता म्हणून माझी विद्यार्थिनी होती, लालबागच्या चाळीतली, घरातली पहिली पदवीधर. तिची पीएचडी माझ्या त्या निष्कर्षावर उभी होती, आणि तो तिला काही केल्या मिळेना. तीन वर्षं ती प्रयोग करत राहिली. मी दर वेळी म्हणत राहिलो, पुन्हा कर. मला ठाऊक होतं ना! शेवटी तिने सोडून दिलं. आता दहावीच्या शिकवण्या घेते. माझ्या निबंधाची चिठ्ठी निघाली असती तर स्मिता खरी ठरली असती — उशिरा का होईना.

गेल्या महिन्यात दादरच्या भाजीबाजारात भेटली. तिनेच हाक मारली. पिशवी खाली ठेवून भर गर्दीत वाकून नमस्कार केला.

"सर, माझाच हात कच्चा होता हो," म्हणाली. "तुम्ही किती सांभाळून घेतलंत मला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं कधीकधी," म्हणालो.