पानात टाकायचं नाही

सदाशिव पेठेत आमची खानावळ होती आणि तिचा नियम एकच होता: पानात टाकायचं नाही. ताटात शेवटचं शीत असेपर्यंत उठायचं नाही. वडील हात मागे बांधून पंगतीतून फिरायचे आणि कुणी भाजी बाजूला सारली, की त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. तो ती भाजी गिळेपर्यंत आजूबाजूचेही माना खाली घालून जेवायचे. एवढं होऊनही एखादा भरलं ताट ठेवून उठलाच, तर वडील त्याला मोरीपाशी गाठून म्हणायचे, "उद्यापासून दुसरीकडे बघा." आवाज कधी चढवला नाही. त्या मेंबरचं आमच्याकडचं जेवण तिथे संपलं.

लोक म्हणायचे, अन्नाची केवढी चाड आहे या माणसाला! घरात आम्हाला पक्कं माहीत होतं, की चाड अन्नाची नाही. समोरच्याची मान खाली गेली की त्यांचं पोट भरायचं. एकदा एक विद्यार्थी तापाने फणफणलेला जेवायला आला. त्याला पोळी जाईना. वडील समोर उभे राहिले. त्याने ती कशीबशी कोंबली, उठला आणि दारातच सगळं ओकला. वडील मला म्हणाले, "पाण्याची बादली आण आणि त्याच्या हातात दे. ज्याचं त्याने धुवावं." त्याने धुतलं. नंतर तो कधी दिसला नाही.

आईचं तर विचारूच नका. ती आत चुलीपाशी घामाने निथळत असायची आणि हे बाहेर पहिला घास घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आज स्वयंपाकघर मीठ विसरलं." आईला ते स्वयंपाकघरच म्हणायचे. पंगत हसायची. मी बँकेत लागले, लग्न जमेना, तेव्हा माझ्यावरही त्यांनी पंगत हसवली. "हे एक पान केव्हाचं वाढून ठेवलंय, बसायलाच कुणी येत नाही." मी तेव्हा आमटी वाढत होते. ओगराळं हातात होतं. ते त्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

मग पेठ बदलली. विद्यार्थी चायनीजच्या गाडीवर जेवायला लागले, नोकरदारांनी घरपोच डबे लावले, पंगती विरळ झाल्या. कोपऱ्यावर हिरव्या काचांची परमिट रूम होती. तिथे माणसं छत्री नाकापर्यंत ओढून शिरायची, आणि तोंडाला वास आला तर वडील त्यांना आमच्या पायरीवरूनच परत पाठवायचे. पुढे त्या परमिट रूमच्या भिंती फोडून आरपार काच बसवली आणि पोरं-पोरी रस्त्याकडे तोंड करून बिअर प्यायला लागली. आमची इमारत बिल्डरने पाडली. नव्या इमारतीत वर फ्लॅट मिळाला आणि खाली जागा. खालच्या जागेत दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, हॉटेल मॅनेजमेंटच्या जोरावर 'जुन्या पुण्याचं' एसी रेस्टॉरंट काढलं. भिंतीवर खोटे कंदील, वाढप्यांच्या डोक्यावर पगड्या. आमच्या खानावळीत कुणी जन्मात पगडी घातली नव्हती. वडिलांना त्याने गल्ल्यापाशी खुर्ची दिली. त्यांना वाटलं, खानावळ आपलीच आहे, फक्त गार झालीये.

एक दिवस सॉफ्टवेअर कंपनीतला एक घोळका आला. त्यातल्या एका मुलीने अर्धी थाळी तशीच ठेवली. वडील सवयीने समोर जाऊन उभे राहिले. मुलगी म्हणाली, "येस अंकल?" वडील म्हणाले, "उद्यापासून दुसरीकडे बघा." अख्खं टेबल हसत सुटलं. "काका, यू आर सो क्यूट!" म्हणत तिने त्यांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढून घेतला. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी आणखी माणसं घेऊन आली, "तो शिव्या देणारा काका" दाखवायला. शिवी त्यांनी कुणाला दिलीच नव्हती.

दादा बापाचाच मुलगा. त्याला काय ते लगेच कळलं. थोड्याच दिवसांत वाढप्यांच्या शर्टांच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'उद्यापासून दुसरीकडे बघा' असं छापून आलं. मग लोक मुद्दाम पानात टाकायला लागले. अख्ख्या पुऱ्या, न चाखलेली श्रीखंडाची वाटी. "काका, आम्ही टाकलंय बरं का!" वडील समोर गेले की मोबाइल वर व्हायचे. ते जाईनासे झाले, तर दादा यायचा. "बाबा, कोपऱ्यातलं टेबल केव्हाचं वेट करतंय. जरा जाऊन या ना." आणि ते जायचे. कारण त्यांना घाबरणारं माणूस आता वरही उरलं नव्हतं आणि खालीही. मला हे बघताना वाईट वाटायला हवं होतं. मला मजा वाटत होती.

एका रविवारी दादाने आईला आणि मला खाली जेवायला बोलावलं. आई आयुष्यात पहिल्यांदा तिथे गिऱ्हाईक म्हणून बसली होती. शेजारच्या टेबलावर कोपऱ्यावरून बिअर पिऊन आलेली चार-पाच तरुण पोरं होती. त्यांनी एका ताटात भात, श्रीखंड, रस्सा सगळं कालवलं, वर दातांनी तोडलेली पुरी ठेवली आणि हाक मारली, "काका, या! तुमचीच वाट बघतोय."

वडील गेले. उभे राहिले. पोरं हसत होती. मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले, ते ताट पुढे घेतलं आणि जेवायला लागले.

ज्या माणसाने स्वतःच्या मुलांच्या पेल्यातलं पाणी कधी ओठाला लावलं नाही, तो परक्यांचं उष्टं खात होता. एकेक घास घेऊन ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांची नजर ओळखीची होती. ते माना खाली जाण्याची वाट बघत होते. क्षणभर टेबल गप्प झालं. मग एकाने शिट्टी मारली आणि टाळ्या सुरू झाल्या. "काका रॉक्स!" दुसऱ्याने आपलंही ताट त्यांच्यापुढे सरकवलं. दादा गल्ला सोडून धावत आला. मला वाटलं, ताट काढून घेईल. त्याने पुढे उभ्या असलेल्या वाढप्याला बाजूला केलं, मागच्या टेबलांना दिसत नव्हतं म्हणून.

आईने आपलं जेवण नीट संपवलं.

संध्याकाळी वर आईने वडिलांना आमटी-भात वाढला. तेवढ्यात दादा आला. खूश होता. "बाबा, दर रविवारी जमेल का हो हे? लोक विचारतायत." वडील भात कालवत राहिले. दादा वाट बघून निघून गेला. त्यांनी दोन घास घेतले आणि भरल्या ताटावरून उठले. माझ्या आठवणीत तरी पहिल्यांदाच.

आई हात पुसून बाहेर आली. त्यांच्यासमोर उभी राहिली, हात मागे बांधून.

"उद्यापासून दुसरीकडे बघा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी ताटाकडे पाहिलं. ते परत ताटावर बसले. ताट पुढे ओढलं आणि गार झालेला भात मान खाली घालून गिळायला लागले.

"मीठ आहे ना?" आईने विचारलं.

त्यांनी मान डोलावली. शेवटचं शीत संपेपर्यंत आई तिथून हलली नाही. मीही नाही.