पेडगावकरांची चौकशी

काशीनाथ पेडगावकरांची सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात गेली. परभणी-पाथरी रस्त्यावर कुठेही गाडीला हात करायचा, आत चढायचं आणि तिकिटं मागण्याआधी चेहरे बघायचे. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. दूधवाला असो की नवा शेजारी, त्यांच्या लेखी प्रत्येक जण आधी संशयित.

याचा ताप बायकोला, विमलाताईंना. हॉटेलवाला फोनवर फार गोड बोलला म्हणून चिखलदरा रद्द झालं. कोकणात जायचं ठरलं, तेव्हा ड्रायव्हर स्वतःचं नाव सांगताना अडखळला म्हणून गाडी दारातून परत गेली.

यंदा होळीनंतर पुण्याहून मुलीचा, निवेदिताचा फोन आला. अकोले तालुक्यात, डोंगरातल्या जंगलात, धरणाच्या काठी कुसुमबाई नावाच्या बाईंनी थोडे तंबू लावलेत. मे महिन्यात तिघांनी तिथं जाऊन राहायचं.

विमलाताई लगेच हो म्हणाल्या. काशीनाथरावांनी आधी फोटो मागवले. काठोकाठ भरलेलं पाणी, मागे हिरवागार डोंगर. त्यांनी मोबाइल जवळ धरला, मग लांब धरला.

"हा फोटो मे महिन्यातला नाही. येलदरीचं धरण उन्हाळ्यात कसं दिसतं, मी बघितलंय. पाणी कुठल्या कुठं जातं. बाई लबाड दिसायलीय."

आणि त्यांनी सरळ कुसुमबाईंना फोन लावला. पाणी किती असतं? बिबट्या येतो का? रात्री राखणीला कोण? दवाखाना किती लांब? जागा कुणाच्या नावावर? तिकडून उत्तरं आधी मोकळी आली, मग तुटक.

"तुम्ही कोण बोलताय? कोणत्या खात्याचे?" कुसुमबाईंनी शेवटी विचारलं.

"ते तुमाला कशाला पाहिजे?" काशीनाथराव म्हणाले.

फोन कट झाला.

"बघ!" ते विमलाताईंना म्हणाले. "नावावर आलो की फोन ठेवला. काहीतरी काळंबेरं हाय. निवेदिताला सांग, रद्द कर."

विमलाताई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी जाणार हाय. तुमी राहा घरी. डब्याचं सांगून जाते."

काशीनाथराव चक्रावले. एकटीनं पाथरीच्या जीपमध्ये न बसणारी ही बाई जंगलात राहायला निघाली? त्या दिवसापासून त्यांनी बायकोवरच नजर ठेवली. मायलेकींचे फोन वाढले होते. ते खोलीत आले की बोलणं थांबायचं. विमलाताईंनी कापडी बूट आणले आणि कपाटात साडीखाली ठेवले. एकदा गच्चीवरून त्यांचा आवाज आला, "त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मी जिम्मेदारी घेते."

काशीनाथराव जिन्यातच उभे राहिले. निवेदिताला कुणी आवडलाय? की हिलाच काही आजार झालाय आणि लेक शेवटचं फिरवून आणायलीय? विमलाताई खाली आल्या तेव्हा त्यांनी वाट अडवली.

"कोणाशी बोलायलीस? काय लपवायलात तुमी दोघी?"

"कुसुमबाईंशी," विमलाताई म्हणाल्या. "तुमच्या त्या फोननंतर त्यांनी निवेदिताला कळवलं, तुमच्या बाबांना आणू नका. त्यांना तुमचाच संशय आलाय. जागेवरून त्यांच्या मागं कोणीतरी लागलंय, त्याच लोकांनी तुमाला फोन करायला लावला असं वाटलं त्यांना. मी समजावायले, माणूस वाईट नाही, फक्त शंका लय."

"माझा संशय? माझी हमी तू द्यायलीस?"

"मग कोण देणार?"

ते पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत आपल्यासाठी कुणाला शब्द टाकावा लागेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. फार लागलं त्यांना. विमलाताईंनी आणून ठेवलेला चहा निवून गेला तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी पुन्हा कुसुमबाईंचा नंबर लावला.

"मी काशीनाथ पेडगावकर, परभणी. एसटीतून रिटायर. विमलाचा नवरा. आता तुमी विचारा, मी सांगतो."

कुसुमबाईंनी सोडलं नाही. घर कुठं, मुलं किती, येताना आणखी कोण, आमच्या भागातला कोणी ओळखीचा आहे का. काशीनाथरावांनी सगळी उत्तरं दिली. हळूहळू बाईंचा आवाज सैल झाला.

"तुम्ही पाण्याचं विचारलं होतं ना," त्या म्हणाल्या. "फोटो पावसाळ्यातला आहे. मे महिन्यात पाणी खाली जातं, तंबूपासून बरंच चालावं लागतं. बिबट्याचे ठसे दिसतात कधीमधी. अंधार पडल्यावर तंबूबाहेर जायचं नाही. एवढं चालत असेल तर या."

काशीनाथरावांनी फोनवर हात ठेवला. "विमल, फोटो पावसाळ्यातलाच हाय!" ते इतके खूश झाले की विमलाताईंना हसू आवरेना.

मे महिन्यात तिघंही गेले. पहिला दिवस कुसुमबाई त्यांच्यावर नजर ठेवून होत्या आणि ते तंबूच्या खुंट्या हलवून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडे गरम भाकरी मागून घेतली. डोंगर हिरवा नव्हता, पण झाडांखाली गारवा होता. संध्याकाळी दगडगोट्यांतून वाट काढत नवरा-बायको पाण्यापर्यंत उतरले. विमलाताई साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षी चिखलदरा," त्या म्हणाल्या.

"आधी फोन करून बघावं लागंल."

"फोन मी करीन," विमलाताई म्हणाल्या आणि आणखी दोन पावलं आत गेल्या.