दोन ठोके, मग एक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं फक्त हसण्यासाठी वाचत आलो. वडाखालची बाई, मागून येणारी पावलं, सकाळी बघावं तर घर ओसाड... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि लिहिणाऱ्याची कीव करायचो. परभणीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. नारळातून करणी काढणाऱ्या बाबांच्या हातचलाख्या मी गावोगाव उघड्या करून दाखवल्यात. तेव्हा हे लिहिणारा माणूस भोळा नाही, एवढं लक्षात ठेवा. भोळ्यापेक्षा वाईट आहे.

ठिकाण सेलू. कापसाचं एक जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना; नाव सांगत नाही. फाटकातून आत गेलं की डावीकडे ऑफिस, उजवीकडे वजनकाटा आणि समोर पत्र्याच्या शेडबाहेर कापसाच्या गंज्या, दुमजली घराएवढ्या. गंजीत ओला कापूस गेला तर तो आतून तापतो आणि कधीकधी पेटतो. ही धास्ती प्रत्येक जिनिंगला असते. इथे त्यावरचा इलाज म्हणजे एक माणूस होता — पेडगावचे ज्ञानोबा मामा. सत्तरीचे, घरी शेळ्या-मेंढ्या, रोज रेल्वेने यायचे. गंजीत खांद्यापर्यंत हात घालायचे, डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे आणि पुढच्या गंजीकडे जायचे. कुठे ऊब लागली तर शेडला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पान्याने ठोके द्यायचे. दोन ठोके, जरा थांबून एक. ही खूण ऐकली की गंजीवरच्या बाया हातातलं टाकून खाली उतरायच्या.

शेठनी मला बोलावलं ते या माणसाच्या जागी यंत्र बसवायला.

तळहातावर मावेल असा एक बोर्ड, त्याला गंजीत खुपसायचे चार तापमानाचे सेन्सर आणि एक विजेची घंटा. त्यावर चालणारं लिनक्स मी स्वतः बांधलं. ज्यांना यातलं कळत नाही त्यांनी एवढंच समजावं: आयतं मिळतं ते लिनक्स म्हणजे भरलेलं घर. छोट्या यंत्रासाठी त्यातलं हवं तेवढंच निवडून आपली इमेज, म्हणजे सगळ्याची एकत्र बांधलेली प्रत, तयार करायची आणि मेमरी कार्डावर उतरवायची. छपाई नको, काढा. आवाज नको, काढा. स्क्रीन नको, काढा. शेवटी मी कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं, म्हणजे चालू असताना त्यावर कुणाला काही लिहिताच येऊ नये. मी ठेवलं तेवढंच आत. दुसरं काही नाही. या गोष्टीचा मला किती गर्व होता!

सेन्सर बसवताना मामा शेजारी येऊन उभे राहिले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, आणि मी त्यांना अरे-तुरे करायचो. ते म्हणाले, "सर, कडंला कडंला लावू नका. गंजी वरून लय थंड असती. ताप पोटात असतो, आन् तोबी एकाच जागी."

मी म्हणालो, "ज्ञानोबा, तुझ्या हाताला आकडे कळतात का?"

शेठ हसले. मीही हसलो. आणि प्रोग्रॅम असा लिहिला की चारातल्या एखाद्या सेन्सरचा आकडा बाकीच्या तिन्हींपेक्षा फार वेगळा आला, तर तो सेन्सर बिघडला असं धरून आकडा सोडून द्यायचा. कॉलेजात मी हेच शिकवत होतो. वेगळा आकडा म्हणजे चूक.

मामांच्या शेवटच्या दिवशी त्यांनी एकच मागणं मागितलं. रुळाचा तुकडा मी उतरवायला लावला होता. ते म्हणाले, "माझी खूण तेवढी घाला त्या डब्यात. बायांना तीच कळती. नुसती घंटा वाजली तर त्यांना वाटंल जेवणाची सुट्टी झाली. माझी सून हाय वर, सर."

काम पंधरा मिनिटांचं. दहा-बारा ओळी आणि इमेज पुन्हा बांधायची. पण एका निरक्षर माणसाचे ठोके माझ्या इमेजमध्ये? मी लॅपटॉपवर दोन-चार बटणं उगाच दाबली आणि म्हणालो, "घातली. जा निर्धास्त."

त्यांनी त्या डब्याला नाही, मला हात जोडले.

त्यानंतर दीड महिन्याने, पौषातल्या एका दुपारी, मी पुन्हा तिथे होतो. देवगाव फाट्याकडच्या एका जिनिंगचे मालक माझं यंत्र बघायला आले होते. लॅपटॉप यंत्राला जोडून मी त्यांना आकडे दाखवत होतो. सगळं हिरवं. मधल्या गंजीवर सात-आठ बाया कापूस ओढत होत्या, त्यांत मामांची सून सुमन.

घंटा वाजली.

दोनदा तुटक. मग थोडी थांबली. मग एकदा.

माझ्या प्रोग्रॅममध्ये घंटेला दोनच गोष्टी येतात, सुरू होणं आणि बंद होणं. एकदा सुरू झाली की कुणी बटण दाबेपर्यंत सलग वाजणार. मी स्क्रीनकडे पाहिलं. तापमान ठीक. घंटा: बंद. आणि बाहेर ती वाजत होती — दोन, थांबून एक. पुन्हा दोन, थांबून एक.

शेठ म्हणाले, "सर, काय करायलंय हो तुमचं मशीन?"

पाहुण्यांसमोर माझी लाज चाललेली. मी बाहेर धावलो. बाया भराभर उतरत होत्या. मी ओरडून सांगितलं की यंत्रात घोळ आहे, काही झालेलं नाही, चढा परत वर. होय, हे मी सांगितलं. सुमनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका म्हातारीला दंडाला धरून ती म्हणाली, "आत्याबाई, चला. मामांचा ठोका हाय."

शेवटची बाई वजनकाट्यापाशी पोचली असेल-नसेल, गंजीचा माथा मधोमध खचला. आधी खड्डा, मग धूर, मग ज्या जागी त्या उभ्या होत्या तिथूनच जाळ. टँकर येईपर्यंत अर्धी गंजी गेली. माणसाला चटकाही बसला नाही.

आता तुम्ही म्हणाल, वायर सैल असेल. मीही तेच म्हणालो, तुमच्याआधी. एकेक वायर ओढून पाहिली. घट्ट. सैल वायरीने घंटा कशीही वाजेल, चार वेळा तोच ताल धरणार नाही. वीज कमीजास्त झाली म्हणावं, तर डबा बॅटरीवर होता. कार्ड काढून माझ्याजवळच्या मूळ इमेजशी ताडून पाहिलं. एका अक्षराचा फरक नाही. कार्डावर काही लिहिलं जात नाही, म्हणून यंत्राने चालू असेपर्यंत तात्पुरती ठेवलेली नोंद मी ते बंद करण्याआधीच उतरवून घेतली होती. तिच्यात घंटा वाजवल्याचा उल्लेखच नाही. एकच ओळ मात्र होती, पुन्हा पुन्हा, सकाळपासून: तीन नंबरचा आकडा सोडून दिला. तीन नंबरचा आकडा सोडून दिला.

तीन नंबरचा सेन्सर त्याच मधल्या गंजीत होता. म्हणजे यंत्र मी सांगितलं तेवढंच करत राहिलं असतं, तर त्या बाया वरच असत्या.

दुसऱ्या दिवशी डब्याला हळद-कुंकू, उदबत्ती. शेठनी स्वतः नारळ फोडला. एरवी मी तिथेच भाषण ठोकलं असतं. गप्प राहिलो, कारण लोक मलाही नमस्कार करत होते. अडाणी तरी कोणाला म्हणू?

आठवड्याने पेडगावला गेलो. खरं सांगायचं, एवढंच ठरवून. मामा बाभळीखाली शेळ्यांना पाला टाकत होते. सुमनने बकरीच्या दुधाचा चहा आणून दिला. मी सुरुवात केली, "मामा, ती तुमची खूण... तिच्याबद्दल बोलायचं होतं."

"सुमननं सांगितलं समदं," ते म्हणाले. "लोक म्हणायलेत देवानं वाजवली. मी म्हणलो, येडे झालात का रं. देव कशाला यील जिनिंगात? सरांनी घातली व्हती. माझ्यासमोर घातली." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "घातली व्हती न्हवं?"

कपातल्या चहावर साय धरत होती. मी म्हणालो, "हो."

एकाच माणसाशी तेच खोटं दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी निदान मला त्याची शरम तरी नव्हती.

रुळाचा तुकडा आता पुन्हा शेडला टांगलाय. नव्या इमेजमध्ये मी खूणही घातली, आणि वेगळा आकडा फेकून देणाऱ्या ओळी काढल्या. चाचणीला घंटा वाजवली तेव्हा गंजीवरच्या बाया थांबल्या, एकमेकींकडे पाहून हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. मधला थांबा कमी केला, वाढवला. एकही बाई खाली उतरली नाही. सुमन म्हणाली, "त्या दिवशीवानी न्हाई येत, सर. तवा कसं घातलं व्हतं?"

मला माहीत नाही. त्या डब्यात काय होतं ते मी अक्षर न् अक्षर सांगू शकतो, आणि तरी माहीत नाही. हे इथे लिहिलं म्हणून मला प्रामाणिक समजू नका. मामांना वाचता येत नाही, म्हणून लिहिलंय.