स्पीकरखालचं रबर

मी नवे स्पीकर घेतले आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी घर सोडायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं.

काका नुकतेच गेले होते. अर्धांगवायूने वाचा गेल्यापासून ते चमच्याने फुलपात्र वाजवून काकूंना बोलवायचे. आता रोज संध्याकाळी मांडणीवरची सगळी भांडी थरथरू लागली.

"चिडलेत हो ते," काकू म्हणाल्या. "मी आपली सिन्नरला मुलीकडे जाते."

सोसायटीच्या अध्यक्षांनी शांतीचा घाट घातला. मंडप, जेवणावळ आणि पहिल्या रांगेतली स्वतःची खुर्ची, सगळं ठरलं. भांडी नेमकी कधी वाजतात, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

मी विचारलं. मी गाणं लावतो तेव्हाच. डग्गा घुमला की फरशी माझ्याही तळपायांना जाणवायची. कारखान्यात यंत्रांखाली घालतात तसले रबराचे जाड ठोकळे आणून मी स्पीकरखाली बसवले आणि काकूंना सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही होतात?"

"मीच."

"अगोबाई! आणि मी त्या डब्यांपुढे हात जोडत बसले!"

बायकोला वर गाणं लावायला सांगून मी काकूंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. मांडणी गप्प. मी विजयी चेहऱ्याने बायकोला फोन केला. स्पीकर बंद करून, घराला कुलूप लावून तीही खाली आली.

तेवढ्यात ओट्यावरचं फुलपात्र वाजलं. टिण्. जरा थांबून पुन्हा, टिण्.

बाकीची भांडी हलली नाहीत. मी जिन्याखाली जाऊन पाण्याची मोटर पाहिली, बंद होती. रस्त्यावर ट्रक नव्हता. परत आलो तर काकू फुलपात्रात पाणी ओतत होत्या.

"हे तुमचं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या गोंगाटात ऐकू येत नव्हतं, इतकंच. चिडलेले नाहीत ते."

त्यांनी सिन्नरसाठी भरलेली बॅग उपसली. शांतीला नको म्हणून कळवलं. अध्यक्षांना मंडपवाल्याची समजूत काढावी लागली.

एक ठोकळा उरला होता. तो फुलपात्राखाली ठेवून बघू, असं मी परवा सुचवलं.

"मग यांनी बोलवायचं कसं?" काकूंनी विचारलं.

मी ठोकळा खिशात घातला. काकूंकडे चहाला अजूनही जातो. ओट्याकडे पाठ करून बसणं तेवढं जमत नाही.